राजवाडे बघायला निघताय? आधी वार बघा

संपादक महोदय,

दिवाळी तोंडावर आली की पुरवण्यांतून 'गाडीने उत्तर भारत' छापाचे लेख येऊ लागतात. त्यांत किलोमीटर असतात, कुठे काय खावं तेही असतं. कुठला वाडा कोणत्या वारी बंद, एवढंच नसतं. ताजमहाल शुक्रवारी बंद हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण राजस्थानात भरतपूरजवळच्या डीगचे महालही शुक्रवारीच बंद असतात, त्यामुळे 'आज ताज नाही तर डीग उरकू' हा बेत हमखास फसतो. ग्वाल्हेरचा गुजरी महाल सोमवारी बंद.

नाशिक-धुळ्याकडून जाणाऱ्यांनी बुधवारी निघावं. पहिला मुक्काम इंदूर, दुसरा शिवपुरी. तिथून बरेचजण थेट ग्वाल्हेर गाठतात, मग झाशीजवळच्या ओरछ्यासाठी खाली येतात आणि पुन्हा वर जातात. म्हणजे ग्वाल्हेर-झाशी हे शंभरेक किलोमीटर दोनदा. त्यापेक्षा शिवपुरीहून पूर्वेला झाशीचा चौपदरी रस्ता धरावा. शुक्रवार ओरछ्यात, शनिवारी वाटेतलं दतिया करून ग्वाल्हेर, रविवार ग्वाल्हेरात, सोमवारी आग्रा. बंदचे सगळे वार आपोआप टळतात.

ओरछ्याच्या जहांगीर महालात वरच्या मजल्यांचे जिने उभे आणि अरुंद आहेत, काही सज्जांना कठडाच नाही. लहान मुलं हाताशी धरावीत. रामराजा मंदिर दुपारी बंद होतं आणि आत चामड्याचा पट्टा, पाकीट चालत नाही. दतियाला मात्र मराठी गाड्या फारशा थांबत नाहीत. वास्तविक ओरछ्याचा बुंदेला राजा वीरसिंह देव याचा सात मजली महाल या अख्ख्या वाटेवरचा सर्वांत डोकेबाज वाडा आहे. बांधकामात लाकूड किंवा लोखंड नाही, असं सांगितलं जातं, आणि राजघराणं तिथे कधी राहायलाच गेलं नाही. जिन्यांत अंधार नि वटवाघळं असतात, तेव्हा मोबाइलच्या उजेडावर न राहता बॅटरी न्यावी. गावातल्या गल्ल्या चिंचोळ्या आहेत. गाडी खाली लावून चालत चढलेलं बरं.

ग्वाल्हेरला घोळ होतो तो किल्ल्याच्या दरवाजांचा. गाडी पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने वर जाते. गुजरी महाल पूर्वेच्या पायथ्याशी आहे. गाडीने वर जाऊन त्याच वाटेने उतरणाऱ्याचा तो हटकून राहतो. किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाच्या निळ्या फरशांवरची बदकांची रांग आणि तळघरं बघून झाली की हाथी पोळ या दरवाजातून पूर्वेकडे पायी उतरावं, चालकाने गाडी वळसा घालून खाली आणावी.

फत्तेपूर सिक्रीच्या अलीकडे रस्त्यात गाडी अडवून 'पुढे गाडी जात नाही' सांगणारे भेटतील. आग्र्यात यांना 'लपके' म्हणतात. काच खाली न करता अधिकृत पार्किंगपर्यंत जावं. महालांना तिकीट लागतं. बुलंद दरवाजा आणि दर्गा मशिदीच्या बाजूला आहेत, तिथे तिकीट नाही, चपला मात्र काढाव्या लागतात.

भरतपूरहून डीगला जाताना मध्ये कुम्हेर लागतं. १७५४ च्या वेढ्यात खंडेराव होळकर इथेच पडले. त्यांची छत्रीही याच भागात आहे. पुढे पानिपतावरून परतणाऱ्या मराठ्यांना ज्याने आसरा दिला, त्या सूरजमल जाटाचे महाल म्हणजे डीग. गोपाळ भवन सगळेच बघतात, पण खरी करामत गच्चीवरच्या पाण्याच्या हौदाची. त्याच्या भिंतीत ओळीने भोकं आहेत, एकेका भोकातून एकेका कारंज्याला नळी गेलेली. नळीत रंगाची पुरचुंडी ठेवायची, बूच काढायचं, की खाली बागेत रंगीत पाणी उडायचं. पंप नाही, सगळा जोर उंचीचा. हौद भरायला मात्र बैल जुंपून मोटेने पाणी ओढावं लागे. आता कारंजी वर्षातून मोजक्याच दिवशी सुटतात.

जयपूरला आमेर, हवामहल, जंतरमंतर मिळून एकत्रित तिकीट निघतं आणि ते दोन दिवस चालतं. सिटी पॅलेस खासगी असल्याने त्यात धरलेला नाही. परतीला जयपूरहून धुळ्यापर्यंत ५२ नंबरचा महामार्ग सरळ आणतो, वाटेत बुंदी लागते. तिथल्या चित्रशाळेसाठी, म्हणजे भित्तिचित्रांच्या दालनासाठी, अर्धा दिवस राखावा. जयपूरचा एखादा बाजार कमी केला तरी चालेल.

टोलचं एक. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना २०० फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास सुरू झाला. तो खासगी गाड्यांना आणि राष्ट्रीय महामार्ग नि राष्ट्रीय एक्स्प्रेसवे यांवरच चालतो. यमुना एक्स्प्रेसवे किंवा आपल्या समृद्धीवर नेहमीप्रमाणे पैसे कटतात. फास्टॅग चॅसी नंबरवर काढलेला असेल तर गाडीचा नंबर जोडल्याशिवाय पास मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत निघणार असाल तर धुक्यामुळे सकाळी नऊ-दहाच्या आत गाडी काढू नये. दिवसाला अडीचशे किलोमीटरच धरावेत.

आपल्या पुरवणीत प्रत्येक स्थळापुढे दोन गोष्टी छापाव्यात, ही विनंती : बंदचा वार, आणि वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याची, राज्याची की खासगी. तिकीट, वेळ नि कॅमेऱ्याचे नियम त्यावरच ठरतात.

— एक वाचक, नाशिक