मला बाहेर पाठवलंत, त्याबद्दल

ताई,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकातली तुमची नोकरी कराराची, दर वर्षी नव्याने सही करायची, हे तुमच्या ड्रायव्हरकाकांकडून कळलं. उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नको. गावाचं आणि आरोग्य केंद्राचं नावही गाळतो. बीड जिल्हा, एवढं पुरे. पुढचं वाचून तुम्ही ओळखालच.

हे पत्र मी आखाडातच लिहायला घेतलं होतं. दोनदा खोडलं. आभार मानायचे तर नेमके कशाचे, इथेच गाडी अडायची. गोळ्यांचे म्हणावेत तर त्या डॉक्टरांनी लिहून दिल्या आणि सरकारने फुकट दिल्या. मग एक दिवस लक्षात आलं, मला आभार मानायचेत ते तुमच्या उजव्या हाताचे.

आईचं दुखणं अण्णा गेल्यापासूनचं, असं आम्ही धरून चाललो होतो. अण्णा, माझे वडील, २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. तेव्हापासून तिचं काही ना काही सुरू. आज पाठ, उद्या पोटात आग, परवा छातीत धडधड, कधी तळपायातून वाफा. रात्री दोनला उठून चूल सारवायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी ताकदीच्या बाटल्या लावल्या, इतक्या की शेवटी तिच्या हाताला शीर सापडेना. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तोंडातून दुर्बीण घातली, दोनदा सोनोग्राफी केली, डोक्याचा एमआरआय काढला. सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवायचो आणि आई आणखी गप्प व्हायची.

मोठ्या बोर्डाच्या एका मानसोपचारवाल्यांकडेही नेलं होतं. हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही नुसते अंगारे-धुपारेच करत बसलो. त्यांनी आम्हाला चार मिनिटं दिली आणि ती चारही मला दिली. 'काय होतंय यांना?' मला. 'झोपतात का?' मला. 'जेवण कसंय?' तेही मलाच. ताई, मी चाकणला राहतो. ती रात्री झोपते की नाही हे मला काय ठाऊक? पण मी उत्तरं दिली, पटापट दिली, परीक्षेला बसल्यासारखी. 'डिप्रेशन आहे' हेही त्यांनी मलाच सांगितलं, तिच्या डोक्यावरून. पाच गोळ्यांची चिठ्ठी झाली. त्या घेऊन आई दिवसभर पेंगायला लागली, आणि आठव्या दिवशी घरातल्यांनी त्या बंद केल्या.

नातेवाइकांची तर वेगळीच तऱ्हा. 'दोन्ही पोरं कमावती, घराला स्लॅब पडला, आता तुला कसलं टेन्शन?' असं म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. मामांनी देवऋषी गाठला. त्याने कोंबडं घेतलं, वर अकराशे रुपये. त्याचं एक मात्र मानायला हवं. 'काय होतंय?' हे त्याने निदान तिलाच विचारलं.

तसं आईला न विचारण्याची आमच्या घरात जुनीच रीत. चौदा वर्षं दोघं ऊसतोडीला, कोयत्यावर जायचे. उचल अण्णांनी घ्यायची, मुकादमाने हिशेब अण्णांनाच सांगायचा, राबायचं मात्र दोघांनी. बत्तिसाव्या वर्षी तिची गर्भाची पिशवी काढली. डॉक्टर अण्णांशी बोलले, कॅन्सरची भीती घातली, अण्णांच्या डोक्यात पुढच्या हंगामातले खाडे. त्यांनी मान हलवली. आई बाहेर बाकड्यावर होती. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, समिती बसली, पेपरात रकानेच्या रकाने आले. मी ती बातमी कंपनीच्या बसमध्ये वाचली. मित्रांना फॉरवर्डही केली. आईला फोन करून विचारलं नाही.

मग आमच्या आशाताई नऊ प्रश्नांचा कागद घेऊन आल्या. मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबवण्यासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून असे कागद घरोघर फिरतात म्हणे. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप लागते का, असं करत नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. ओसरीवर चुलती बसलेली, शेजारीण डोकावतेय, धाकट्याची बायको दारात. आईने नऊच्या नऊ प्रश्नांना 'नाही' म्हटलं. आशाताई कागदावर 'नाही' लिहीत गेल्या आणि उठताना मला हळूच म्हणाल्या, 'सोमवारी जिल्ह्याची गाडी येते दवाखान्यात. मावशीला आणाच.' पुढे एकदा त्या स्वतःहून घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, 'मी समद्यांसमोर विचारलं, माझं चुकलंच.' इतकी वर्षं आम्ही दवाखाने हिंडलो. कुणी चूक झाली असं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

त्या सोमवारी तुमचं टेबल लसीकरणाच्या खोलीत मांडलेलं होतं. लसींचा फ्रिज घरघरत होता. दाराला पडदा, तोही अर्धाच. बाहेर ओपीडीची रांग. तीस हजार लोकांमागे एक केंद्र असा सरकारी हिशेब आहे. त्या दिवशी तीसच्या तीस हजार व्हरांड्यात आलेले दिसत होते.

तुम्ही तुमची खुर्ची आईकडे वळवलीत आणि विचारलंत, 'मावशी, काय होतंय?'

मी सवयीने तोंड उघडलं. 'मॅडम, तिला ना, अण्णा गेल्यापासून...' इथवर आलो आणि तुमचा हात वर झाला. टेबलावरून जेमतेम वीतभर. तळवा माझ्याकडे, डोळे आईवरच. त्यात राग नव्हता. अंगणात रांगतं पोर असताना मागून येणाऱ्या सायकलवाल्याला आपण थांब म्हणतो ना, तसा.

आणि मग तुम्ही थांबलात. किती वेळ, ते मी घड्याळात पाहिलं नाही. फ्रिज बंद पडून पुन्हा सुरू झाला. सिस्टर कसलं तरी रजिस्टर न्यायला आल्या आणि गेल्या. बाहेर कुणाचा तरी खोकला थांबेना. मला बसवत नव्हतं. निदान रिपोर्टची फाईल तरी पुढे सरकवावी असं फार वाटत होतं. पण तुमचा हात तसाच. आईने पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, परत मारली. मग म्हणाली,

'ह्याला जरा भाईर पाठवा.'

ह्याला म्हणजे मला.

बाहेर आल्यावर आधी मला रागच आला, खोटं कशाला बोलू? रजा टाकून आलेला मी, सव्वा लाख घालवलेला मी, आणि मलाच बाहेर! हापशापाशी जाऊन उभा राहिलो. तिथून पडद्याखालचं तेवढं दिसत होतं. आईचे पाय दिसले. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. थोड्या वेळाने पाहतो तर तुमच्याही चपला काढलेल्या.

पाऊण तास लागला. ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. स्टँडपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, 'भूक लागलीय.' ताई, हे वाक्य मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. आम्ही भजी खाल्ली. तिने दुसरी प्लेट मागितली.

त्या पाऊण तासात ती काय बोलली, ते मला आजही माहीत नाही. पुढच्या महिन्यात मी तुम्हाला जीपपाशी गाठलं होतं. मी मुलगा आहे, खर्च मी करतो, मला कळायलाच हवं, असं बरंच काही बोललो. तुम्ही डबा पिशवीत भरता भरता म्हणालात, 'त्यांना सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील. सांभाळण्यापुरतं जे तुम्हाला कळायला हवं, ते मी त्यांना विचारूनच सांगितलंय.' सांभाळण्यापुरतं म्हणजे फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप घालायचं आणि किल्ली धाकट्याकडे ठेवायची. तेवढ्यावरून जे समजायचं ते मी समजलो होतो. त्या रात्री आई झोपली आणि मी जागा राहिलो.

नंतर मोबाइलवर शोधलं, तर पेशंटचं बोलणं गुप्त ठेवायचं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच आहे. म्हणजे तुम्ही नियमाने वागलात, एवढंच कुणी म्हणेल. म्हणू दे. मोठ्या बोर्डाच्या दवाखान्यालाही तोच कायदा लागू असावा. तिथे तर पुढचा पेशंट दारातच उभा होता.

गोळ्यांचं तुम्ही आईला समजावलंत, माझ्यासमोर पण तिलाच. दोन-तीन आठवडे फरक जाणवणार नाही, तोंड कोरडं पडेल, मळमळेल, मनाने बंद करायची नाही, ही गोळी जन्मभराची सवय लावत नाही. धाकट्याची बायको 'ह्या गुंगीच्याच गोळ्या' म्हणाली, तर आईने तिला हे सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. निराधारच्या अर्जाचंही तुम्हीच विचारलंत. अण्णा जाऊन एवढी वर्षं झाली, आणि संजय गांधी योजनेचा फॉर्म भरायचं आम्हा दोघा शिकलेल्या भावांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आणि मला तुम्ही एकच विचारलंत. 'रोज फोन करता, तेव्हा काय बोलता?'

मी म्हटलं, 'गोळी घेतली का विचारतो.'

'ते नका विचारू. दुसरं काहीतरी विचारा.'

ताई, पहिल्या दिवशी मी फोन लावला आणि मला दुसरं काही सुचेना. खरंच सुचेना. शेवटी विचारलं, शेळी व्याली का? ती म्हणाली, 'आपल्याकडं शेळी कुठाय? विकून दोन वर्षं झाली.' आणि मग ती शेळी कुणी, कितीला आणि कशासाठी विकली, हे अर्धा तास सांगत राहिली. मी अधूनमधून नुसतं हूं म्हणत होतो. जमतंय थोडं थोडं. मध्येच तोंड घालायची खोड मात्र अजून गेलेली नाही.

१४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर तुम्ही तिच्या साध्या फोनमध्ये टाकून दिलात. घरात कुणी पाहिलं तर नको म्हणून कुठल्या नावाने ठेवायचा, हे तुम्ही तिलाच विचारलंत. तिने 'माहेर' सांगितलं. मला हे दिवाळीत कळलं. फोनमध्ये 'माहेर' पाहून मी म्हटलं, मामांचा नंबर बदलला की काय? ती म्हणाली, 'असू दे तसंच.'

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं होतं. आमच्या केंद्राच्या तीस हजारांवर हा हिशेब मांडून पाहिला. पोरंटोरं वगळली तरी दोन हजारांच्या आसपास माणसं होतात. तुमची गाडी येते महिन्यातून एकदा. त्यातला पाऊण तास तुम्ही एकट्या आमच्या आईला दिलात, तेव्हा पडद्याबाहेर लोक कुरकुरत होते. मी हापशापाशी उभा राहून ऐकलंय. त्यातल्या कुणाची पाळी त्या दिवशी आलीच नसेल, तर त्यांचीही इथेच माफी मागतो. तुमच्याजागी चार ताई असत्या तर ही माफी मागायची वेळ आली नसती, पण ते मी कुणाला सांगू? तुमचा स्वतःचा पगार वेळेवर होत नाही, हेही काकांनीच सांगितलं.

आता आई एकटी जाते. काळी-पिवळीने. गेल्या सोमवारी मी रजेवर घरीच होतो, म्हटलं चल, येतो सोबत. म्हणाली, 'तू कशाला? तिथं तुला भाईरच बसावं लागतं.'

हे लिहीत होतो तेव्हा ती समोर तूर निवडत बसली होती. 'काय लिहायलास रे एवढं?' मी सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. 'मी बोललेलं नाही ना लिहिलास त्यात?'

'मला माहीतच नाही, तर लिहू काय?'

'मग बरंय,' म्हणाली आणि हसली. पदर तोंडाला न लावता.

खारोड्यांचा डबा सिस्टरकडे ठेवलाय. तुम्ही काही घेत नाही हे तिला माहीत आहे. त्यावर तिचं म्हणणं, खारोड्या म्हणजे काही घेणं नव्हे. डबा तेवढा परत पाठवा, झाकणावर अण्णांचं नाव आहे.

तुमच्या मावशींचा,
बाहेर बसणारा मुलगा