किडनी पुण्यात बसते, जपायची सोलापुरात: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

लहान मुलांचे किडनी प्रत्यारोपण बहुधा पुण्या-मुंबईत होते. टाके सुकले की कुटुंब सोलापूरला परतते, आणि खरी कसोटी तिथून पुढे लागते. शस्त्रक्रियेसाठी सरकारी योजना आहे, देणगीदारही पुढे येतात. हे पत्र मात्र त्यानंतरच्या एका रक्ततपासणीबद्दल आहे.

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस ही गोळी दर बारा तासांनी द्यावी लागते, समजा सकाळी 8 आणि रात्री 8. तिचे रक्तातले प्रमाण कमी पडले तर शरीर किडनीवर उलटते. जास्त झाले तर तीच गोळी किडनीला इजा करते, मुलाचे हात थरथरू लागतात. म्हणून सुरुवातीला आठवड्यातून एकदा-दोनदा 'लेव्हल' बघतात. रक्त सकाळच्या डोसच्या अगदी आधी, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर साधारण बारा तासांनीच घ्यायचे असते.

ज्याला परवडते तो खासगी लॅबमधून नमुना पाठवतो. ज्याला परवडत नाही तो मुलाला घेऊन अडीचशे किलोमीटरवर जातो. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली तर पुण्यात पोचेपर्यंत दहा वाजून गेलेले असतात. गाडीत 8 वाजता गोळी दिली, तर लेव्हल खोटी जास्त दिसते आणि डोस कमी केला जातो. गोळी रोखून धरली, तर लेव्हल खोटी कमी येते आणि डोस वाढतो. दोन्हीकडून मरण किडनीचेच. ते टाळायचे तर आदल्या रात्रीच निघायचे. यंत्रमागावरच्या किंवा विडी वळणाऱ्या माणसाची दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि तीही दर खेपेला.

साहेब, यासाठी सोलापुरात मोठे यंत्र बसवायलाच हवे असे नाही. जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए ट्यूबमध्ये दोनेक मिली रक्त लागते. साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतले तर नमुना वाया जातो, कारण हे औषध तांबड्या पेशींत साठते. रक्त गोठू देऊन वर उरणारा पातळ द्रव, म्हणजे सीरम, तपासून उपयोग नाही. नमुना 2 ते 8 अंशांवर काही दिवस टिकतो. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सकाळी साडेसातला रक्त घ्या, बर्फाच्या डब्यातून पुण्याला पाठवा आणि अहवाल थेट प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळवा. सिव्हिल वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आणि योजना आपल्याकडे, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच दोन्ही खात्यांचा एकत्रित आदेश हवा.

सोलापुरात ही तपासणी जास्त निकडीची का, तेही सांगतो. या मुलांनी भरपूर पाणी प्यायला हवे, कित्येकांना दिवसाला दोन लिटरहून जास्त सांगितलेले असते. इथे उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्या वर जातो आणि नळाला पाणी काही दिवसांआड येते. पिंपात साठवलेले पाणी न उकळता दिले की जुलाब लागतात. जुलाबात अंगातले पाणी जाते, शिवाय टॅक्रोलिमस नेहमीपेक्षा जास्त शोषले जाते. म्हणजे किडनीवर दुहेरी मार. अशा वेळी लेव्हल दोन दिवसांत कळली पाहिजे, पुढच्या खेपेला नव्हे.

औषधांचेही तसेच. ताप 38 अंश सेल्सिअसवर (100.4 फॅरनहाइट) गेला की मुलाला जवळच्या दवाखान्यात नेतात. तिथे क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल दिले तर लेव्हल वर उसळते, क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनने खाली कोसळते. आयब्युप्रोफेन तर सरळ किडनीवरच घाव घालते. ही चार नावे मोठ्या अक्षरांत छापलेले कार्ड प्रत्येक मुलाकडे असावे. औषधाची कंपनीही परस्पर बदलली जाऊ नये. बदललीच तर लेव्हल पुन्हा बघावी लागते. आणि पल्स पोलिओच्या दिवशी घरोघर येणाऱ्या ताईंना सांगून ठेवा: अशा घरातल्या धाकट्या भावंडाला तोंडावाटे थेंब नकोत, इंजेक्शनची लस द्यायची. थेंबांतला जिवंत विषाणू शौचावाटे बाहेर पडून, गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबलेल्या या मुलापर्यंत पोचू शकतो.

नमुन्याच्या फॉर्मवर दोन रकाने तेवढे ठळक छापावेत: शेवटचा डोस किती वाजता, रक्त किती वाजता. ते कोरे असतील तर नमुना स्वीकारू नये, असा लेखी नियम करावा.

आपले,
प्रत्यारोपण झालेल्या मुलांचे पालक व शुश्रूषा करणारे,
सोलापूर