फोन उचलणारा माणूस हवाच

महोदय,

दारू सोडू पाहणारी माणसं बैठकांतून एकमेकांना आधार देतात, त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस संघटनेची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात झाली, तीही एका फोनमुळे. दारू सोडून काही महिने झालेल्या बिल विल्सन यांना पुन्हा पिण्याची ओढ लागली, तेव्हा त्यांनी हॉटेलातून फोन फिरवले. त्यातूनच दारूशी झगडणाऱ्याच डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली आणि दोघे तासन्‌तास बोलत बसले. तंत्रज्ञानाला विरोध करायचं मला म्हणूनच काही कारण दिसत नाही. २०२० मध्ये दारं बंद झाली, तेव्हा ऑनलाइन बैठकांनीच अनेकांना सावरलं. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना आजही त्यांचाच आधार आहे.

पण स्थानिक गटांतली सेवेची कामं ओस पडू लागली आहेत, याची काळजी वाटते. खुर्च्या मांडणं, खोलीची किल्ली सांभाळणं ही कामं किरकोळ दिसतात. घरात ज्याच्या हाती कुणी पाकीट देत नाही, त्याच्या हाती गट किल्ली देतो. हा विश्वास कुठलंही अ‍ॅप देऊ शकत नाही.

दुसरं म्हणजे अनामिकता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नवख्याचा नंबर सगळ्यांना दिसतो. त्याला विचारल्याशिवाय कुणीही त्याला ग्रुपमध्ये घेऊ नये.

हेल्पलाइनवर रेकॉर्ड केलेला आवाज ठेवण्याऐवजी कॉल त्याच भागातल्या स्वयंसेवकाकडे वळवावा. बैठकांच्या यादीतली वेळ आणि पत्ता दर महिन्याला कुणीतरी प्रत्यक्ष तपासावा. मोठ्या हिमतीनं आलेल्या माणसाला कुलूप दिसलं, तर तो बहुधा परत येत नाही.

– एक वाचक