मेरोपेनेम आहे, पण कल्चरची बाटली नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. रुग्णालयांत ‘हायर अँटिबायोटिक’, म्हणजे मेरोपेनेम, व्हॅन्कोमायसिन अशा जबर औषधांच्या इंजेक्शनांचा तुटवडा पडू नये म्हणून आपले खाते झटते. ते हवेच. मला बोलायचे आहे ते पहिल्या डोसाआधीच्या पाच-दहा मिनिटांबद्दल.

जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात मिळायला हवे. पण औषध सोडायच्या आधी दोन वेगवेगळ्या जागांहून कल्चरसाठी (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्यासाठी) रक्त घ्यायचे असते, मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. शीर सापडत नसेल तर औषध अडवून धरू नये, हेही आम्हाला ठाऊक आहे. मात्र एकदा औषध रक्तात गेले की बाटलीत जंतू वाढण्याची शक्यता झपाट्याने घटते. ती संधी पुन्हा येत नाही.

आणि नेमकी हीच संधी रात्री हुकते. कपाटात मेरोपेनेम असते, व्हॅन्कोमायसिन असते, कल्चरची बाटली नसते. बाटली असली तर प्रयोगशाळा बंद असते.

याची किंमत तिसऱ्या दिवशी कळते. ताप उतरलेला असतो, पण कोणत्या औषधाने उतरला हे कोणी सांगू शकत नाही. मग दोन्ही चालूच राहतात. मेरोपेनेम दर आठ तासांनी. व्हॅन्कोमायसिनचा एक ग्रॅम किमान तासभर सावकाश सोडायचा. घाईने गेला तर अंग लाल होते, रक्तदाब पडतो. तिकडे मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारे क्रिएटिनिन रक्तात चढू लागते, हातावरची शीर सुजते, आम्ही दुसरी शोधतो. नातेवाईक विचारतात, “सिस्टर, अजून किती दिवस?” उत्तर द्यायला आमच्याकडे रिपोर्टच नसतो.

जिथे प्रयोगशाळा रात्रंदिवस चालते तिथे चित्र वेगळे असते. बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी फोन येतो : बाटली पॉझिटिव्ह, ग्रॅम निगेटिव्ह. म्हणजे जंतू वाढला आणि तो कोणत्या गटातला हेही कळले. पाठोपाठ संवेदनशीलतेचा, म्हणजे त्या जंतूवर कोणते औषध चालेल याचा, रिपोर्ट. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या कमी जबर औषधाने भागणार असेल तर मेरोपेनेम थांबते, गरज नसलेले व्हॅन्कोमायसिन बंद होते. रुग्ण सावरला, तोंडाने घेऊ लागला की अनेकदा गोळ्यांवरही जाता येते. हाडे-सांध्यांच्या संसर्गात तोंडी औषधे शिरेतल्या औषधांच्या तोडीस तोड ठरतात, हे २०१९ च्या ‘ओव्हिव्हा’ चाचणीत दिसले आहे. मला हे फार मोलाचे वाटते, कारण शिरेतली नळी जितके दिवस राहते तितके दिवस नव्या जंतूंना वाट मोकळी असते.

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट ओढवले. २०३० पर्यंत वापरातली किमान ७० टक्के अँटिबायोटिक्स जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘अ‍ॅक्सेस’ गटातली, म्हणजे नेहमीच्या संसर्गांवर आधी वापरायची, असावीत, असे जागतिक उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २०२४ मध्ये ठरले. हातात रिपोर्ट नसलेला डॉक्टर त्या गटाकडे वळणार कसा? त्याला दोष देऊ नका. जीव वाचवायचा तर तो सर्वांत जबर औषधच निवडणार.

म्हणून माझी मागणी साधी आहे. रक्ताच्या बाटल्या आणि त्या लावणारा तंत्रज्ञ रात्रीही हवा. ४८ ते ७२ तासांनी औषध का चालू ठेवले, हे डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेच पाहिजे. आणि एखाद्या रुग्णालयाची मेरोपेनेमची मागणी आपल्या टेबलावर आली की मंजुरीआधी एवढे विचारा : त्याच महिन्यात कल्चरच्या बाटल्या किती मागवल्या?

आपली,
अतिदक्षता विभागातील एक परिचारिका