कार्डवाल्यांनी आधी डिपॉझिट भरावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला माजी सैनिकांच्या आरोग्यावरचा लेख काल वाचला. नंतर नातवाकडून मोठ्याने वाचवूनही घेतला. लेखकमहाशयांचे म्हणणे असे की ‘ईसीएचएस’सारखी (माजी सैनिकांची वर्गणीवर चालणारी आरोग्य योजना) सोय हाताशी असताना खेड्यापाड्यातले माजी सैनिक अज्ञानापोटी खासगी डॉक्टरांकडे जातात आणि वरून सरकारच्या नावाने ओरडतात. यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे जनजागृती. लेखक बहुधा नागपुरात राहत असावेत. पॉलिक्लिनिक, म्हणजे योजनेचा दवाखाना, घरापासून ऑटोच्या अंतरावर असले की असे लेख सुचतात.

माझी जागृती चांगली झालेली आहे, साहेब. योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. मी १९९८ साली हवालदार म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे ती घेणे माझ्यावर बंधनकारक नव्हते, तरी वर्गणी भरून कार्ड काढले. वर्गणी भरून, हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या लेखात ‘मोफत’ हा शब्द चार ठिकाणी आला आहे. आज निवृत्त होणाऱ्या हवालदाराकडून तीस हजार घेतात, जेसीओकडून, म्हणजे सुभेदार वर्गाकडून, सदुसष्ट हजार आणि अधिकाऱ्याकडून एक लाख वीस हजार. वॉर्डही त्याच हिशेबाने मिळतो. हवालदारापर्यंत जनरल, जेसीओला सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्याला प्रायव्हेट. त्याबद्दल माझी तक्रार नाही, फौजेत सगळेच रँकवर चालते. पण गावात पारावर बसलो की कोणीतरी म्हणतोच, “तुमाले त सबन फुकट हाय ना भाऊ!” आता तेच तुमच्या पेपरातही छापून आले.

आता २०२४ च्या खांदशेकणीचे सांगतो. पोळा सोमवारी होता, म्हणजे हा रविवार. पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. बैलांच्या खांद्याला लावायला हळद-लोणी घेऊन सौ. गोठ्याकडे निघाल्या आणि अंगणातल्या शेवाळावर पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले हे मला तिथेच कळले, फौजेत असे पडलेले पाय पाहिले आहेत. रविवार म्हणजे पॉलिक्लिनिकला कुलूप. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला. हे तेच खासगी डॉक्टर, ज्यांच्या दारात आम्ही अज्ञानापोटी जातो. ते त्या पावसात मोटारसायकलवर आले. दुखणे थांबायचे इंजेक्शन दिले, पाट्या लावून पाय बांधून दिला आणि म्हणाले, “हवालदार साहेब, हे इथलं काम नाही. आत्ताच नागपूरला हलवा.” नोटा मोजून घेतल्या आणि गेले. उपकार केल्याचा आव नाही, ‘कार्ड आणले का’ नाही.

नागपुरात योजनेच्या यादीतल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा रात्र झाली होती. दर्शनी भागात तिरंगी पट्ट्यांची पाटी, माजी सैनिकांचे स्वागत म्हणून. काउंटरवरच्या पोराने कार्ड उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, “अंकल, कार्डावर सध्या घेणं बंद आहे. पन्नास हजार डिपॉझिट भरा, बेड लगेच देतो.” मी त्याला नियम सांगितला. इमर्जन्सी असेल तर यादीतल्या हॉस्पिटलने रेफरल, म्हणजे पॉलिक्लिनिकची चिठ्ठी, न मागता पेशंट घ्यायचा, अठ्ठेचाळीस तासांत ऑनलाइन कळवायचे, आणि माझ्याकडून पैसा मागायचा नाही. त्याने ऐकून घेतले. म्हणाला, “नियम तुमचा बरोबर आहे अंकल. पण आमचं मागचं बिलच आलं नाही, वरून सांगितलं आहे.” तोवर सौ. बाहेर गाडीत, पायाखाली उशी.

त्या पोरावर माझा राग नाही. पगारावरचा माणूस, वरचा हुकूम पाळतो, मीही चोवीस वर्षे तेच केले. हॉस्पिटलवाल्यांचेही काही अंशी समजते. आमच्या योजनेला ‘सीजीएचएस’चे, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, दर लागतात. त्या दराने डॉक्टरच्या तपासणीचे २०२३ पर्यंत दीडशे रुपये मिळत, मग साडेतीनशे झाले. नागपुरात दीडशेत कोणता स्पेशालिस्ट तपासतो ते लेखकमहाशयांनी पत्ता देऊन कळवावे, आम्ही गाडी करून येऊ. आणि तेवढेही वेळेवर मिळत नसेल तर हॉस्पिटल हात आखडते घेणारच. पण मग यादीतून बाहेर पडा ना बाबा! पाटी लावून ठेवायची, योजनेच्या नावाने गिऱ्हाईक बोलवायचे आणि रात्री माणूस दारात आला की डिपॉझिट मागायचे. याला आमच्याकडे लाज सोडणे म्हणतात.

पन्नास हजार मुलाच्या खिशात असते तर भरलेही असते. नव्हते. जवळच एका हाडांच्या डॉक्टरांचे छोटे हॉस्पिटल होते, यादीत नसलेले. त्यांनी वीस हजारांवर दाखल करून घेतले, बाकीचे नंतर द्या म्हणाले. पोळ्याच्या दिवशी सकाळीच मी पॉलिक्लिनिकला कळवले, म्हणजे माझ्या बाजूने अठ्ठेचाळीस तासांचा नियम पुरा झाला. एक दिवस सोडून ऑपरेशन झाले, खुब्याचा गोळा बदलला. एकूण बिल एक लाख पंच्याऐंशी हजार. भाव यावा म्हणून घरात राखून ठेवलेली तूर विकली, उरलेले जावयाकडून घेतले. सासऱ्याने जावयाकडून पैसे घेणे म्हणजे काय ते खेड्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

आता परताव्याच्या फायलीचे ऐका. पहिला आक्षेप, इमर्जन्सी सर्टिफिकेटवर शिक्का आहे, शिक्क्याखाली तारीख नाही. तारीख घालून आणली. मग आक्षेप, खुब्यात बसवलेल्या गोळ्याच्या पाकिटावरचा मूळ स्टिकर जोडलेला नाही. हा स्टिकर डॉक्टर केस पेपरवर चिकटवतो, केस पेपर हॉस्पिटल आपल्या दफ्तरी ठेवते आणि पेशंटला मिळते झेरॉक्स. ऑफिसला झेरॉक्स चालत नाही, हॉस्पिटल मूळ कागद सोडत नाही. मधे मी, आणि आमच्या गावाहून सुटणारी एकुलती एक एसटी, जी पावसाळ्यात नाल्याला पूर आला की सुटतच नाही. शेवटी त्या डॉक्टरांनीच, खासगी डॉक्टरांनी, स्टिकर ब्लेडने अलगद काढून माझ्या कागदावर लावून सही करून दिली. पैसे आले ते पुढचा पोळा होऊन गेल्यावर, आणि खर्चाच्या निम्म्याहून कमी. बाकीचे दरात बसत नाहीत. जे दर परवडत नाहीत म्हणून यादीतले हॉस्पिटल मला दारातून परतवते, त्याच दरांनी माझे बिल कापले जाते. हे गणित कोणाला सुटत असेल तर त्याने आपल्या पेपरात जरूर सोडवून दाखवावे.

दारातून परत पाठवणाऱ्या हॉस्पिटलची तक्रार मी रीतसर लेखी केली होती. उत्तर आले, हे सांगितलेच पाहिजे. हॉस्पिटलच्या खुलाशानुसार ‘रुग्ण स्वेच्छेने निघून गेला’, सबब प्रकरण बंद. सौ. त्या रात्री गाडीतून खालीसुद्धा उतरल्या नव्हत्या. उतरता येत असते तर नागपूरला कशाला नेले असते!

खासगीवाल्यांची आरती ओवाळायला हे पत्र लिहिलेले नाही. तालुक्याच्या ठिकाणी साध्या तापालाही सलाईन टांगणारे आहेत, दहा तपासण्या लिहून देऊन लॅब आपल्याच मेव्हण्याची आहे हे न सांगणारे आहेत. आणि सरकारी म्हणजे वाईट असेही मी म्हणत नाही. लेहला पाण्याने छाती भरली होती तेव्हा फौजेच्या १५३ जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला वाचवले, त्यांनी माझ्याकडे स्टिकर मागितला नाही. आमच्या शेजारच्या गावातल्या एका निवृत्त नायकाची बायपास याच योजनेतून नागपुरात झाली, एक रुपया लागला नाही. म्हणजे योजना चालते. ज्याच्या दिवशी हॉस्पिटलचे बिल निघालेले असते, त्याला चालते. बाकीच्यांनी आजारी पडण्याआधी बजेटचा महिना पाहून घ्यावा.

पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरबाई चांगल्या आहेत, पण त्यांच्यापुढची रांग पाहता त्या तरी किती जणांची नाडी धरणार? बीपीची गोळी दर वेळी वेगळ्या रंगाची. नसली की कागदावर एनए, म्हणजे ‘नॉट अव्हेलेबल’. २०२१ पासून ‘सेहत ओपीडी’ नावाची सोय आहे, मोबाइलवर डॉक्टर दिसतो. आमच्या घरात रेंज गोठ्याजवळ येते. बैलाच्या साक्षीने छातीत कसे दुखते ते सांगायचे, वाईट नाही, पण त्याची चिठ्ठी घेऊन औषधाला पुन्हा त्याच रांगेत.

तालुक्याच्या गावी एकतरी पॉलिक्लिनिक द्या, किंवा तिथल्याच चार बऱ्या डॉक्टरांना यादीत घ्या आणि त्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्या, एवढेच आमचे म्हणणे. यासाठी जनजागृती कोणाची करायची ते लेखकमहाशयांनी ठरवावे.

आणि जाता जाता, ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या पोर्टलवरच्या हयातीच्या दाखल्याबद्दलही कधीतरी लेख छापा. जन्मभर रायफल आणि नंतर नांगर धरलेल्या हाताचा अंगठा मशीनवर उमटत नाही. आता चेहरा दाखवा म्हणतात. मोतीबिंदू काढलेल्या माणसाला मशीन म्हणते डोळे मिचकवा. मिचकवतो, तर म्हणते पुन्हा प्रयत्न करा. २६ जुलैला, कारगिल विजय दिवसाला, शाल-श्रीफळ द्यायला येणाऱ्या पुढाऱ्यांना मात्र आम्ही हयात असल्याची खात्री असते. तुमच्या फोटोग्राफरलाही असते.

नाव-गाव आपल्याला सोबतच्या कागदावर कळवले आहे. छापू नये, कार्ड अजून वापरायचे आहे.

आपला,
एक माजी हवालदार,
ब्रिगेड ऑफ द गार्ड्स
(विदर्भातील एका खेड्यातून)