तुमचा गुण्या परत करण्याआधी

सुतारकाकांना सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, मी स्वतः बनवलेल्या स्कीची, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्यांची, दुसरी जोडी आता दहा दिवस पायाखाली आहे आणि तिचा एकही स्क्रू जागचा हललेला नाही. हे तोंडी सांगायला आलो की तुम्ही "बरं बरं, तो क्लॅम्प दे इकडे" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहून, चारचौघांसमोर सांगतोय. आता उडवून लावता येणार नाही.

पहिल्या जोडीचं काय झालं ते आधी सांगतो, कारण त्यातला मूर्खपणा सर्वस्वी माझा होता. स्की म्हणजे थरांचा खेळ. खाली प्लास्टिकचा गुळगुळीत तळ, त्याच्या कडांना पोलादी पट्टी, वर फायबरग्लास, मधे लाकडाचा गाभा, पुन्हा फायबरग्लास आणि शेवटी आवरण. सगळं एपॉक्सीत, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट राळेत, भिजवून साच्यात दाबायचं. मी महिनाभर डोकं शिणवलं ते फायबरग्लासचं कापड आणि दाबयंत्रावर. लाकूड मात्र वजनाचा तक्ता बघून पाच मिनिटांत ठरवलं : पॉलोनिया. घनमीटरला ३०० किलोसुद्धा भरत नाही. हलकं ते चांगलं, एवढंच माझं शहाणपण.

तिसऱ्या दिवशी एका जोरदार वळणावर पुढचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, बुटासकट उपटून आलं. स्क्रू धड होते. त्यांच्या आट्यांमध्ये लाकडाचे तंतू कापसासारखे अडकलेले होते. ती स्की घेऊन मी तुमच्याकडे आलो. तुम्ही आयुष्यात एकदाही स्की पायात बांधलेली नाही, तरी तुम्ही पहिल्यांदा त्या भोकातच डोकावलात. मग उरलेल्या तुकड्यावर अंगठ्याचं नख दाबलंत. नख उमटलं. "यात स्क्रू धरणार कशाला?" एवढंच विचारलंत, आणि मला हसला नाहीत. त्याचेही आभार.

त्यानंतर तुम्ही जे शिकवलंत ते एका ओळीत बसणारं नाही. मी विचारत होतो, पॉप्लर घेऊ, ॲश घेऊ की मेपल? तुम्ही म्हणालात, "नाव राहू दे, फळी दाखव." आणि फळीच्या टोकाचा तुकडा पटाशीने फोडलात. फूट सरळ खाली न जाता बाजूने बाहेर पडली. वरून सरळ दिसणारा लाकडाचा रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, आत तिरका होता. "करवतीने कापलेलं काहीही दाखवतं, फोडलं की खरं कळतं," असं म्हणून ती फळी बाजूला ठेवलीत. वाकून वाकून स्की तिथेच चिरली असती. अशा चार फळ्या बाद झाल्या तेव्हा मला तुमचा मनातून राग आला होता, हेही कबूल करतो.

शेवटी गाभा ठरला पॉप्लरचा. घनमीटरला साधारण ४५० किलो, म्हणजे ना फार जड, ना कापूस. त्यात बाइंडिंगचे स्क्रू येतात त्या ओळींखाली ॲशच्या दोन पट्ट्या. ॲश बरंच जड, पण स्क्रू धरतं ते असं की पिळायला मनगट लागतं. चांगली अखंड फळी चिरून पुन्हा पट्ट्यापट्ट्यांनी का चिकटवायची, हे मला तेव्हा पटत नव्हतं. तुम्ही प्रत्येक पट्टी दोन ठोकळ्यांवर आडवी टाकलीत, मधोमध एकच वजन टांगलंत आणि किती झुकते ते पेन्सिलने तिच्यावरच लिहिलंत. एकाच फळीच्या शेजारशेजारच्या पट्ट्या, एक डाव्या स्कीला, एक उजव्या स्कीला. शेजारी चिकटवताना प्रत्येकीचं तोंड उलट, म्हणजे एकीचा पीळ दुसरी ओढून धरते. तयार झालेल्या दोन स्कींच्या वजनात १४ ग्रॅमचा फरक निघाला. पहिल्या जोडीत तो किती होता, विचारू नका.

आणि तो रंधा! गाभा पायाखाली ११ मिलिमीटर, टोकांना जेमतेम २. मी यंत्रातून टोकं काढायला गेलो आणि पात्याने एक टोक ओरबाडून नेलं. तुम्ही गाभा जाड फळीवर दुहेरी चिकटपट्टीने बसवलात आणि मधून टोकाकडे, उताराच्या दिशेने हाताने रंधा मारलात. ढलप्या इतक्या पातळ की त्यातून उजेड दिसत होता. मी म्हटलं, अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय? नंतर घरी हिशेब केला. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे चालतो. नुसतं लाकूड १० मिलिमीटरचं ११ केलं तरी ते जवळजवळ एक तृतीयांशाने ताठ होतं. फायबरग्लास चढल्यावर गणित थोडं बदलतं, पण तुमचा हात बरोबर होता.

एका बाबतीत मात्र मला तुमचं अजून पटलेलं नाही : बांबू. त्यातली सिलिका पात्यांची धार खाते, मान्य. पण तो लवचीकही आहे आणि चिवटही. पुढच्या जोडीत दोन पट्ट्या तरी टाकणारच, पाती माझी वापरीन.

चिकटवणं, दाबणं, तापवणं हे सगळं मीच केलं, त्यामुळे त्यातले बुडबुडेही माझेच. त्याच गडबडीत तुमच्या पितळी गुण्यावर एपॉक्सीचा एक मोठा थेंब पडला होता. तुम्ही पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. हेअर ड्रायरने तापवून, मऊ पडल्यावर लाकडाच्या पाचरेने खरवडून तो काढलाय. ओरखडा नाही, काटकोन तीनदा तपासला. रविवारी आणून देतो. सोबत ॲशचा उरलेला तुकडा आहे, त्याच्यावर तुमची पेन्सिल अजून तशीच आहे.

आपला,
नख उमटणारं लाकूड घेऊन आलेला