डॉक्टर साहेब, त्या दिवशी तुम्ही हळू बोलले

डॉक्टर साहेब, नमस्कार.

काल सकाळी आमच्या इमूचं, म्हणजे त्या शहामृगासारख्या मोठ्या पक्ष्याचं, पहिलं पिलू निघालं, आज पाच झाले. रानडुकराच्या पिलासारखे पट्टे आहेत अंगावर. माही पोट्टी सकाळपासून जाळीजवळून हलली नाही. तुम्हाला फोन केला तेव्हा गळा दाटून आला, नीट बोलताच नाही आलं, म्हणून लिहून टाकतो आणि चार लोकांनी वाचावं असंही वाटते.

2011 मधे इमूच्या जोड्या घेतल्या तेव्हा कंपनीवाले दर आठवड्याला यायचे, चहा प्यायचे, अंडी आम्ही नेतो पिलं आम्ही नेतो म्हणायचे. मग एक दिवस फोनच बंद. बायकोचं मंगळसूत्र गेलं, दीड एकर वावर गेलं आणि गावात आमचं नाव शहामृगवाले पडलं ते आजही आहे. शेवटची एक जोडी मात्र विकवली नाही.

यंदा तूर आणि कापूस एकदमच आला, त्या धांदलीत अंडी उचलायची राहून गेली आणि नर त्यावर बसला तो बसलाच. खाणं बंद. आधी अंडी मशीनमधे जायची त्यामुळे असं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं, वाटलं आता हा मरते. दोन ठिकाणी जाऊन आलो साहेब. एक म्हणे हे जनावर आमच्याकडे येत नाही. दुसरा तर हसला, म्हणे कापून खाऊन टाका. गाडीला किक मारून घरी आलो पण ते हसणं अजून डोक्यातून गेलं नाही.

मग तुम्ही आले. बॅग बाहेरच ठेवली, चपला काढल्या, चार हात लांब उकिडवे बसले आणि बाळंतिणीच्या खोलीत बोलतात ना तसं हळूच म्हणाले, "काही झालं नाही याले, बाप बसला आहे."

इतक्या वर्षांत आमच्या पक्ष्यासमोर कोणी आवाज कमी केला नव्हता. कंपनीने त्याला किलोतच मोजलं आणि खरं सांगतो, आम्हीही त्याच्याकडे कर्ज म्हणूनच पाहत होतो. नर आठ आठवडे जवळपास उपाशी अंगातल्या चरबीवर काढतो, पुन्हा पुन्हा उठून अंडी फिरवतो, पुढे पाच-सात महिने पिलंही तोच सांभाळतो, हे तुम्ही सांगितलं आणि त्या रात्रीपासून मी दिवस मोजत होतो.

पोट्टीने विचारलं हा शहामृगाचा कोण लागते, तर तुम्ही तिला टाळलं नाही, काडीने मातीत रेघा ओढत बसले. शहामृगाला दोन बोटं, इमूला तीन. इमूचा जवळचा सोयरा कॅसोवरी, तोही असाच न उडणारा मोठा पक्षी. आधी शास्त्रज्ञांना वाटायचं की गोंडवाना नावाचं दक्षिणेकडचं जुनं मोठं खंड फुटलं आणि हे न उडणारे पक्षी चालत्या जमिनीसोबत पांगले, आणि ते गोंडवाना नाव आपल्याच मुलखाचं, वणी-चंद्रपूरचा कोळसा त्याच खडकातला, हे ऐकून ती किती खुश झाली होती. मग 2014 मधे जुन्या हाडांच्या डीएनएवरून कळलं की न्यूझीलंडच्या कोंबडीएवढ्या किवीचा सगळ्यात जवळचा नातेवाईक तिथलाच नामशेष झालेला मोठा पक्षी मोआ नाही, तर मादागास्करचा नामशेष हत्तीपक्षी! मोआचा सोयरा निघाला दक्षिण अमेरिकेतला टिनामू, आणि तो तर उडतो. म्हणजे यांचे पूर्वज उडत गेले आणि जागोजागी वेगवेगळे जमिनीवर उतरले. आणि शहामृग तर आपल्याकडेही होता, चाळीसगावजवळ पाटण्याला त्याच्या अंड्याची कोरलेली टरफलं सापडली, 25,000 वर्षांच्या आसपासची. आता गावात कोणी शहामृगवाले म्हटलं की पोट्टी हेच ऐकवते.

डिग्र्या पुष्कळांजवळ आहेत साहेब. दारात आलेल्या कास्तकाराच्या जनावराकडे आधी नीट पाहणारा माणूस मला तरी बारा-तेरा वर्षांनी भेटला. पैसेही तुम्ही पेट्रोलपुरतेच घेतले, बायको आजही त्यावरून मला बोलते.

पिलं पाहायला या. नर आता जाळीजवळ कोणाला येऊ देत नाही, काल मात्र पातेलंभर पाणी प्यायला. तुमच्या मातीतल्या रेघा पोट्टीने वहीत उतरवल्या आहेत, त्यात रिया, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला शहामृगासारखा पक्षी, कुठं जोडायचा ते राहिलं, ती जागा तिने कोरी ठेवली आहे.